तक्रारीची नोंद आणि घरातली बंदूक : ऑरेगॉनमधल्या कायद्यांची पार्श्वभूमी

अमेरिकेत ऑगस्ट २०१६ मध्ये तुल्सात खालिद जबारा आणि ऑगस्ट २०१७ मध्ये शार्लट्सव्हिलमध्ये हेदर हायर यांची हत्या झाली. दोन्ही खटले द्वेषगुन्हे (वंश, धर्म अशा ओळखीच्या द्वेषातून केलेले गुन्हे) म्हणून चालले, तरी एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेच्या द्वेषगुन्ह्यांच्या आकडेवारीत दोन्ही हत्या नव्हत्या. १९९० च्या केंद्रीय कायद्याने आकडे गोळा होऊ लागले होते, पण ते पाठवणं स्थानिक पोलिसांच्या मर्जीवरच होतं. २०२१ मध्ये या दोघांच्या नावाने कायदा झाला आणि तक्रारींच्या हेल्पलाइनसाठी राज्यांना केंद्राच्या अनुदानाची वाट खुली झाली.

ऑरेगॉन राज्याने अशी हेल्पलाइन आधीच सुरू केली होती. २०१९ च्या सिनेट बिल ५७७ ने ‘इंटिमिडेशन’ (धमकावणं) या जुन्या गुन्ह्याला ‘बायस क्राइम’ (द्वेषगुन्हा) हे नाव दिलं आणि शेजारी ‘बायस इन्सिडेंट’ हा नवा प्रकार आणला : द्वेषातून केलेलं शत्रुत्वाचं बोलणं-वागणं, ज्यावर फौजदारी तपास किंवा खटला शक्य नाही किंवा उचित नाही. जानेवारी २०२० पासून राज्याच्या न्याय विभागाची हेल्पलाइन अशा तक्रारीही घेते. बंदूकधारकांची धास्ती इथूनच सुरू होते. गुन्हा नाही, आरोपपत्र नाही, तरी नोंद होते.

नुसत्या नोंदीने मात्र बंदूक जात नाही. खरेदीच्या वेळी भरायच्या फॉर्म ४४७३ वर दोषसिद्धी, प्रलंबित आरोप, न्यायालयाचे आदेश विचारले जातात, तक्रारी नाहीत. दोषी ठरल्यावर चित्र बदलतं. द्वेषातून कुणाला मुद्दाम आक्षेपार्ह स्पर्श केला, तर तो ऑरेगॉनमध्ये दुसऱ्या श्रेणीचा बायस क्राइम ठरतो आणि दोषी ठरल्यापासून ४ वर्षं बंदूक घेता येत नाही. कॅलिफोर्नियात द्वेषातून हक्कांची पायमल्ली करण्याच्या किरकोळ गुन्ह्यालाही २०१८ पासून १० वर्षांची बंदी आहे.

धोक्याची खरी जागा ‘रेड फ्लॅग’ आदेश ही आहे, म्हणजे धोकादायक वाटणाऱ्या व्यक्तीची शस्त्रं काही काळ काढून घेण्याचा न्यायालयाचा आदेश. कनेक्टिकटने १९९९ मध्ये सुरू केलेली ही पद्धत ऑरेगॉनमध्ये २०१८ पासून लागू आहे. अर्ज पोलीस किंवा घरातली व्यक्तीच करू शकते; शेजारी किंवा दुकानदार नाही. पण शेजाऱ्याची तक्रार पोलिसांपर्यंत पोचली, तर ती त्यांच्या अर्जाला जोडली जाऊ शकते. सुनावणी त्याच दिवशी किंवा पुढच्या न्यायालयीन दिवशी, बंदूकधारकाच्या गैरहजेरीत होते. आदेश हाती पडल्यापासून २४ तासांत शस्त्रं आणि ती लपवून बाळगण्याचा परवाना जमा करावा लागतो. आदेशाला आव्हान द्यायला ३० दिवस मिळतात. मागणी केली की २१ दिवसांत सुनावणी होते आणि स्पष्ट, खात्रीलायक पुराव्याचं ओझं अर्जदारावर असतं. लोक चुकतात ते इथे : कागद टेबलावर पडून राहतो, ३० दिवस उलटतात आणि आदेश वर्षभर कायम राहतो. त्या काळात बंदूक जवळ ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

नोंद नुसतीच पडून राहिली तर काय होतं, हेही न्यूयॉर्कने पाहिलं. जून २०२१ मध्ये शाळेत हत्येची भाषा केलेल्या मुलाची मानसिक तपासणी झाली, पण आदेश कुणी मागितला नाही. पुढे त्याने रायफल विकत घेतली आणि १४ मे २०२२ रोजी बफेलोत १० कृष्णवर्णीयांचा बळी घेतला.

जून २०२४ च्या राहिमी निकालात सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी घरगुती हिंसाचाराच्या आदेशाखालची बंदी वैध ठरवली. त्याचा आधार होता न्यायालयाने नोंदवलेला निष्कर्ष, की ही व्यक्ती दुसऱ्याच्या शारीरिक सुरक्षेला खरोखरच धोका आहे. हेल्पलाइनच्या नोंदीत असा निष्कर्ष नसतो. बंदूकधारकाच्या वकिलाने पहिल्यांदा बोट ठेवावं ते इथेच.