‘आई, नक्की ना?’ : किशोरवयातला ओसीडी

पंधरा वर्षांची मुलगी अभ्यासाला बसली आहे. परिच्छेद वाचून होतो, पण मधला एखादा शब्द नीट वाचलाच नाही असं वाटतं आणि ती पुन्हा पहिल्या ओळीवर येते. वाचता वाचता मनात काही वाईट आलं की तो परिच्छेद बाद, परत पहिल्यापासून. तास गेला तरी पान उलटत नाही. घरच्यांना एवढंच दिसतं, की पोरगी पुस्तक उघडून बसते आणि मार्क मात्र घसरतात.

ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) किंवा मंत्रचळ, म्हणजे नकोसे विचार परत परत येणं आणि ते शमवायला तीच कृती पुन्हा पुन्हा करणं. तो म्हटला की सतत हात धुणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. तसे रुग्ण असतातच. पण या वयात बराचसा आजार मनातल्या मनात चालतो: आकडे मोजणं, झालेलं बोलणं शब्द न् शब्द आठवून तपासणं, ठरावीक वाक्य ठरावीक वेळा म्हणणं. (कपाट टापटीप ठेवणारे ‘मला जरा ओसीडी आहे’ असं कौतुकाने सांगतात, ते ऐकवत नाही. टापटिपीत समाधान असतं. इथे ते मिळतच नाही.)

त्यामागचे विचार तर आणखी लपवले जातात. माझ्या हातून आईला सुरी लागली तर? धाकट्या भावाकडे बघताना डोक्यात ते घाणेरडं चित्र का आलं? ज्या गोष्टींची सर्वांत जास्त शिसारी किंवा काळजी वाटते, नेमके त्यांचेच विचार येतात. मुलाला वाटतं, आपण आतून वाईट आहोत. मग तो कुणालाच काही सांगत नाही, आणि निदानाला कित्येकदा वर्षं लागतात.

असे विचार खरं तर जवळपास सगळ्यांनाच येतात. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 13 देशांतल्या 777 विद्यार्थ्यांना याबद्दल विचारलं, तेव्हा सुमारे 94 टक्के जणांनी मागच्या तीन महिन्यांत निदान एक तरी नकोसा विचार मनात घुसल्याचं सांगितलं. बहुतेक जण ‘काय भलतंच!’ म्हणतात आणि कामाला लागतात. ओसीडी असलेल्या मुलाला मात्र त्या विचाराचा निकाल लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तो दाबावा, तर तो अधिकच उसळतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1987 साली प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं होतं. अस्वल काही जाता जाईना.

मेंदूत कपाळाच्या मागचा, डोळ्यांच्या वरचा भाग, खोलवरचा स्ट्रायटम आणि थॅलॅमस यांच्यात निरोपांची एक साखळी चालते. ‘काहीतरी चुकलंय’ हा इशारा काम झाल्यावर विरायला हवा. ओसीडीत तो वाजतच राहतो, दार बंद असलं तरी थांबत नाही अशा घंटीसारखा. आनुवंशिकतेचा यात बराच वाटा असतो, आणि लहान वयात सुरू झालेल्या ओसीडीत तो अधिक दिसतो.

या चक्रात घरचे लोक कसे ओढले जातात, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

‘आई, मी भावाला काही लागेल असं केलं नाही ना?’

‘नाही रे बाळा.’

‘नक्की ना?’

‘अगदी नक्की.’

मुलाचा चेहरा निवळतो. पाच-दहा मिनिटांनी तोच प्रश्न परत येतो, कारण ‘पण आईने नीट पाहिलं असेल का?’ ही नवी शंका तयार असते. विचारलं की हायसं वाटतं, एवढं मेंदू शिकतो, आणि पुढच्या वेळी आणखी लवकर विचारायला लावतो. हात धुण्याने जे होतं तेच इथे आईच्या उत्तराने होतं. आई चुकली असं नाही. रडवेल्या मुलाला कोण धीर देणार नाही? पण ओसीडी मागतो ती शंभर टक्के खात्री, आणि ती कुणाच्याच आईकडे नसते.

उपचार याच्या नेमका उलट चालतो. 1966 साली व्हिक्टर मायर यांनी रुग्णांना भीतीच्या गोष्टीला सामोरं जायला लावून नंतरचं कर्मकांड (धुणं, मोजणं, परत परत विचारणं) रोखण्याची पद्धत मांडली. तिला आज ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) म्हणतात. थेरपिस्ट आणि मूल मिळून भीतीची शिडी तयार करतात आणि खालच्या पायरीपासून सुरुवात करतात: परिच्छेद एकदाच वाचायचा, शंका राहिली तर राहू द्यायची, पान उलटायचं. अस्वस्थता चढते, आणि काहीच न करता ती सोसता येते हे अनुभवानेच पटतं. 7 ते 17 वयाच्या 112 मुलांवरच्या, 2004 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत थेरपी आणि सर्ट्रालिन हे औषध दोन्ही मिळालेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त मुलांची लक्षणं जवळपास नाहीशी झाली. नुसत्या थेरपीने सुमारे 39 टक्के, नुसत्या औषधाने 21 टक्के. औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात. सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार तर येत नाहीत ना, यावर लक्ष ठेवावं लागतं, आणि डॉक्टरांना न विचारता गोळ्या एकदम थांबवायच्या नसतात.

घरच्यांचं उत्तरही थेरपीचाच भाग होतं. ते एका दिवसात बंद करायचं नसतं, आणि मुलाला अंधारात ठेवून तर नाहीच. आधी मुलाशी बोलून ठरवतात: दिवसातून इतक्या वेळाच उत्तर, मग त्याहून कमी, मग ‘हा प्रश्न ओसीडीचा वाटतोय, तुला किती त्रास होतोय ते कळतंय मला’ एवढंच. पहिले काही दिवस मूल चिडतं, रडतं, तोच प्रश्न शब्द फिरवून विचारतं, आईने नाही सांगितलं तर बाबांकडे जातं. म्हणून बाबांनाही आधीच सांगून ठेवलेलं असावं लागतं.