पर्यायी ट्रान्झिस्टर घ्यायला येताना जुना सोबत आणा

आमच्या इलेक्ट्रॉनिक पार्टच्या दुकानात रोज कोणीतरी मोबाईलवर ट्रान्झिस्टरचा नंबर दाखवतं आणि विचारतं, “मालक, हा नसेल तर याच्या जागी कोणता चालेल?” नंबरावरून पर्याय सांगणं आम्हाला अवघड नाही. पण दोन दिवसांनी तोच माणूस परत येतो, “तुमचा माल खराब निघाला.” तपासलं तर माल चांगला असतो, पाय चुकीचे लागलेले असतात. तोवर त्याचा यंत्रमाग दोन दिवस बंद राहिलेला असतो. म्हणून हे पत्रक छापलं.

व्होल्ट आणि अँपिअर मूळ ट्रान्झिस्टरपेक्षा कमी नकोत, एनपीएनच्या जागी एनपीएनच हवा (उलट प्रकारचा पीएनपी नको), हे बोर्डवर हात चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. बहुतेक जण तेवढंच बघून थांबतात आणि पायांचा क्रम बघायचा राहतो.

ट्रान्झिस्टरच्या तीन पायांची नावं कलेक्टर, बेस आणि एमिटर. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरा. बीसी ५४७ मध्ये डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. पीएन २२२२ए मध्ये एमिटर, बेस, कलेक्टर. सी १८१५ मध्ये एमिटर, कलेक्टर, बेस. तिन्ही काळे, एका मापाचे, तिन्ही एनपीएन, आणि छोटा रिले (विजेवर चालू-बंद होणारा स्विच) ओढायला तिन्ही पुरतात. तरी त्याच भोकांत तसाच घातला तर एकही दुसऱ्याच्या जागी चालणार नाही. त्यातही पीएन २२२२ए आणि पी२एन २२२२ए अशा जवळपास सारख्याच नावांच्या दोघांचे पाय एकमेकांच्या उलट आहेत. म्हणून आम्ही नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून घेतो. गिऱ्हाईक घाईत असलं तरी वाचतो.

कलेक्टर आणि एमिटरची अदलाबदल झाली तर ट्रान्झिस्टर लगेच जळत नाही, आणि माणूस फसतो तो इथेच. उलटा लागलेला ट्रान्झिस्टर थोडंफार काम करतो, फक्त त्याचा गेन, म्हणजे करंट वाढवायची ताकद, अगदी खाली येते. शिवाय बेस-एमिटर जोड उलट दिशेने पाच-सहा व्होल्टच सहन करतो, आणि १२ व्होल्टच्या रिले सर्किटमध्ये त्यावर त्याहून जास्त दाब येतो. मग रिले कधी ओढतो, कधी ओढत नाही, कधी ओढला की सुटत नाही. कारागीर रिले बदलतो, डायोड बदलतो, सेन्सरची वायर बदलतो. दोन-तीन रुपयांच्या ट्रान्झिस्टरवर संशय सगळ्यात शेवटी येतो.

मोठ्या ट्रान्झिस्टरमध्येही हाच घोळ. बीडी १३९ च्या जागी टीआयपी ३१सी घालणारे बरेच आहेत, आणि व्होल्ट-अँपिअरच्या हिशेबाने ते बरोबर आहे. पण अक्षरांच्या बाजूने पाहिलं तर बीडी १३९ चे पाय एमिटर, कलेक्टर, बेस आणि टीआयपी ३१सी चे बेस, कलेक्टर, एमिटर. उलटा फिरवून बसवला की पाय जुळतात, पण धातूची पाठ हीटसिंककडे (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीकडे) राहत नाही. अशा वेळी पाय वळवून त्यावर स्लीव्ह (इन्सुलेशनची बारीक नळी) चढवावी लागते. बोर्ड आणलात तर आम्ही ते काउंटरवरच करून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

इन्व्हर्टरवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. “जास्त अँपिअरचा द्या” हा हट्ट तिथे महागात पडतो. आयआरएफ ३२०५ वर ११० अँपिअर लिहिलेले असतात, पण तो ५५ व्होल्टचा आहे. २४ व्होल्टच्या सेंटर टॅप (ट्रान्सफॉर्मरच्या मधून तार काढलेल्या) इन्व्हर्टरमध्ये बंद असलेल्या मॉसफेटवर (३२०५ सारख्या स्विचिंगच्या ट्रान्झिस्टरवर) बॅटरीच्या दुप्पट, म्हणजे पन्नासच्या वर व्होल्ट येतात, आणि त्यावर स्पाइक, म्हणजे क्षणभराची उसळी. तिथे १०० व्होल्टचा आयआरएफ ५४० निघाला असेल तर निदान १०० व्होल्टचाच घ्या. एका गिऱ्हाइकाने आमचं न ऐकता ३२०५ ची सगळी रांग भरली आणि त्याच रात्री ती उडाली. आम्ही आणखी आग्रह धरायला हवा होता, असं अजून वाटतं.

सोलापूरची हवाही हिशेबात धरा. टीआयपी ४१सी वर लिहिलेले ६५ वॅट हे केसचं तापमान २५ अंश असतानाचे आहेत. केस ८५ अंशांवर गेली की जेमतेम निम्मे उरतात. उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर, वर पत्र्याची शेड, आणि हीटसिंकच्या फटींत कापसाची रूं बसलेली. मग ८५ गाठायला वेळ लागत नाही. ट्रान्झिस्टर आणि हीटसिंकच्या मधला मायका आणि उष्णता वाहून नेणारं कंपाउंड नवं लावा. जुनं वाळलेलं पुसून तेच वापरू नका.

आता आमची विनंती. काढलेला ट्रान्झिस्टर फेकू नका. पाय कापून काढला असला तरी चालेल, पण आणा. शक्य असेल तर बोर्डच आणा. एसएमडीवर (बोर्डच्या पृष्ठभागावरच सोल्डर केलेल्या बारीक पार्टवर) तर दोन-तीन अक्षरांचा कोडच असतो, आणि एकच कोड दोन कंपन्यांकडे दोन वेगळ्या मालावर सापडतो. तिथे नुसत्या फोटोवरून आम्ही माल देत नाही.

सोल्डर लागलेला माल आम्ही परत घेत नाही, यावरून काही जण नाराज होतात. उलटा लागून चाललेला ट्रान्झिस्टर मीटरवर चांगला दिसतो, पण आतून त्याचा गेन उतरलेला असू शकतो. तो पुढच्या गिऱ्हाइकाला नवा म्हणून देणं आम्हाला पटत नाही. त्यापेक्षा लावण्याआधी दोन मिनिटं थांबा. आम्ही तुमच्यासमोर मीटर लावून तिन्ही पाय दाखवतो आणि पुडीवर क्रम लिहून देतो. घरी बघायचं असेल तर मीटर डायोडवर ठेवा. बेसपासून दोन्हीकडे ०.६ ते ०.७ च्या आसपास आकडा येतो, आणि ज्या पायावर तो किंचित जास्त येतो तो एमिटर.

बोर्ड आणण्याआधी त्यावरची रूं ब्रशने झाडून आणा, म्हणजे तपासायचं काम त्याच दिवशी उरकतं.