कार्बन नॅनोट्यूबचे थर : बाष्पसंवेदक

कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा पातळ थर वापरून हवेतील वायू व रासायनिक बाष्पे ओळखणारे साधन. एकपदरी नळीचा व्यास साधारण १ नॅनोमीटर असतो आणि तिचा एकूण एक अणू पृष्ठभागावरच असतो. त्यामुळे बाहेरचा रेणू चिकटला की नळीतून वाहणाऱ्या विजेवर लगेच परिणाम होतो. या थराची सगळी ताकद यात आहे, आणि बहुतेक अडचणीही.

सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये बहुपदरी नळ्यांचे वर्णन केले. एकपदरी नळ्या १९९३ मध्ये हाती आल्या. २००० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात होंगजिए दाई यांच्या गटाने एकाच नळीवर प्रयोग केला. दहा लाखांत २०० भाग नायट्रोजन डायऑक्साइड लागताच काही सेकंदांत तिची वाहकता सुमारे हजार पटींनी वाढली. अमोनियाने ती उलट घटली. हवेतल्या ऑक्सिजनमुळे नळीत धन प्रभार वाहून नेणारी विवरे (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) तयार झालेली असतात. नायट्रोजन डायऑक्साइड आणखी इलेक्ट्रॉन ओढून घेतो, म्हणून विवरे वाढतात. अमोनिया इलेक्ट्रॉन देतो, म्हणून ती कमी होतात. वायू ओळखणाऱ्या नेहमीच्या कथिल ऑक्साइडाच्या संवेदकाला दोनशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते; इथे खोलीचे तापमान पुरते. विजेरीवर चालणाऱ्या उपकरणासाठी हा फरक फार मोलाचा आहे.

पण एकेक नळी उचलून जोडणे व्यवहारात परवडत नाही, शिवाय साधारण एक तृतीयांश नळ्या धातूसारख्या वागतात आणि वायूला फारसा प्रतिसाद देत नाहीत. थरात हजारो नळ्या आडव्यातिडव्या पडतात आणि त्यांचे वेगळेपण सरासरीत विरते. नळ्या द्रावकात ध्वनिलहरींनी मोकळ्या करायच्या आणि कंगव्याचे दात एकमेकांत घातल्यासारख्या दिसणाऱ्या दोन विद्युत्-अग्रांवर त्याचा थेंब सोडायचा. द्रावक उडून गेला की काळसर डाग उरतो, तोच संवेदक. नासाच्या एम्स केंद्रात २००३ मध्ये अशाच रचनेने अब्जात ४४ भाग इतका नायट्रोजन डायऑक्साइड ओळखता आला. पुढे अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविज्ञान संस्थेत तर दाबून घट्ट केलेल्या नळ्यांची पेन्सिल करून कागदावर रेघ ओढून संवेदक काढले गेले.

खरी अडचण ओळख पटवण्याची आहे. थराला अल्कोहोलही कळते, अमोनियाही, आणि पावसाळी हवेतला दमटपणाही. विजेला होणारा अडथळा, म्हणजे रोध, बदलला एवढेच तो सांगतो. म्हणून नळ्यांवर निवडक रेणूंनाच धरणारे लेप देतात, किंवा वेगवेगळ्या लेपांचे अनेक थर शेजारी ठेवून त्यांच्या एकत्रित प्रतिसादावरून वायू ओळखतात. एमआयटीतच टिमथी स्वेगर यांच्या गटाने २०१२ मध्ये तांब्याचे संयुग मिसळून इथिलीन टिपणारा संवेदक केला. आंब्याची अढी घातली की गवतात कोंडून राहतो आणि फळ पिकवतो, तोच हा वायू.

चिकटलेला रेणू सहजी सुटतही नाही. स्टॅनफर्डच्या नळीला खोलीच्या तापमानाला पूर्ववत व्हायला सुमारे १२ तास लागले, २०० अंशांना तापवल्यावर तासाभरात काम झाले. अतिनील प्रकाशानेही सुटका लवकर होते, मात्र तापक किंवा दिवा जोडला की विजेची बचत तेवढी कमी होते.