कडा करपा: 'रोगप्रतिकारक' धान घेताना काय विचाराल?

शेतकरी बंधू-भगिनींनो,

"गेल्या साली ह्याच वाणावर करपा नव्हता, औंदा कडा वाळल्या. बियाणं बोगस निघालं का?" रोवणीनंतर ही तक्रार आमच्या बियाण्यांच्या दुकानात येतेच. बियाणं अस्सल असतानाही असं घडू शकतं, कारण कडा करपा, म्हणजे धानाच्या पानांच्या कडा वाळवणारा रोग, ज्या जिवाणूमुळे होतो तो सगळीकडे एकसारखा नसतो.

त्याचं नाव झॅन्थोमोनास ओरायझी. भारतात त्याची पहिली नोंद आपल्याच राज्यात, कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यात १९५० च्या दशकात झाली. पानाच्या कडेवरची छिद्रं किंवा जखम यांतून तो आत शिरतो आणि शिरांमध्ये वाढतो. तिथून धानाच्या पेशींत काही प्रथिनं सोडतो. ही प्रथिनं धानाच्याच जनुकावर बसून साखर बाहेर सोडायला लावतात आणि जिवाणूचं पोट भरतं. या प्रथिनांत ठरावीक तुकडे ओळीने पुन्हा पुन्हा येतात. तुकड्यांची संख्या वा क्रम बदलला की प्रथिन दुसऱ्याच जागी जाऊन बसतं. अशा फरकांमुळे एकाच जिवाणूचे अनेक प्रकार झाले आहेत, आणि एका भागातला प्रकार ज्या वाणापुढे हरतो, त्याच वाणाला दुसऱ्या भागातला प्रकार भारी पडतो.

हे प्रकार ओळखायची रीत साधी आहे. वेगवेगळी प्रतिकारक (रोगाला अडवणारी) जनुकं असलेली धानाची रोपं लावतात, जिवाणूच्या पाण्यात बुडवलेल्या कात्रीने पानांचे शेंडे कापतात आणि साधारण दोन आठवड्यांनी वाळलेला पट्टा पट्टीने मोजतात. कोणत्या रोपावर पट्टा लांबला, यावरून त्या जिवाणूचा प्रकार ठरतो.

एकाच जनुकाच्या भरवशावर राहिलं की काय होतं, ते फिलिपिन्सने १९७० च्या दशकात पाहिलं. एक्सए-४ नावाच्या प्रतिकारक जनुकाचे वाण सगळीकडे पसरले आणि त्याला न जुमानणारा प्रकार वाढत गेला. आफ्रिकेतल्या जंगली धानातून घेतलेलं एक्सए-२१ पुष्कळ प्रकारांना रोखतं, पण त्यालाही दाद न देणारे नमुने भारतात सापडले आहेत. म्हणून आता दोन-तीन जनुकं एकत्र आणतात. हैदराबादच्या संशोधकांनी तयार केलेल्या, २००८ मध्ये प्रसारित झालेल्या सुधारित सांबा महसुरीत एक्सए-५, एक्सए-१३ आणि एक्सए-२१ अशी तिन्ही आहेत.

तेव्हा बियाणं घेताना आम्हालाच विचारा: यात कोणती जनुकं आहेत? पिशवीवर नुसतं 'रोगप्रतिकारक' छापलेलं असेल, तर आमच्या मते ते पुरेसं नाही. आम्हाला माहीत असेल तर सांगू, नसेल तर तसंही सांगू.

वाण कितीही चांगला असला तरी पऱ्ह्यांचे (रोपवाटिकेतल्या रोपांचे) शेंडे कापून रोवू नका. ती थेट जखमच आहे. रोगट बांधीचं पाणी खालच्या बांधीत सोडू नका. रोग दिसताच युरिया थांबवा. करप्यावर प्रतिजैविकाची पुडी मागितली तर आम्ही देणार नाही, कारण तिने रोग हटण्याची खात्री नाही आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू मात्र वाढतात.

शंका असेल तर पिवळ्या कडेचं ताजं पान कापून त्याचं टोक काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरा. थोड्याच वेळात कापल्या जागेतून दुधट धार उतरली तर तो जिवाणूच. मग पानं कागदात गुंडाळून, वाणाचं नाव लिहून साकोली किंवा सिंदेवाहीच्या कृषी संशोधन केंद्रात दाखवा. आमच्या दुकानातलं बियाणं असेल तर पिशवीवरचा लॉट नंबर आम्हालाही कळवा.