माध्यम प्रश्न (गोवा)

खासगी प्राथमिक शाळांना सरकारी अनुदान कोणत्या भाषेत शिकवण्याच्या अटीवर द्यायचे, या गोव्यातील दीर्घकाळ चाललेल्या वादाला ‘माध्यम प्रश्न’ म्हणतात. वरकरणी तो भाषेचा वाद आहे, पण त्याची गाठ सरकारी तिजोरीशी आहे. १९९० च्या ज्या धोरणातून तो पेटला, त्याने इंग्रजी शाळांवर बंदी घातली नव्हती. स्वतःच्या पैशाने इंग्रजी शाळा चालवायला संस्था मोकळ्या होत्या. शिक्षकांचे पगार मात्र सरकारकडून मिळणार नव्हते.

पोर्तुगीज राजवटीतून मुक्तीनंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. चर्चशी संबंधित संस्थांच्या शाळा प्रामुख्याने इंग्रजी माध्यमाच्या होत्या. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही शासकीय वापरात स्थान मिळाले. त्यानंतर १९९० मध्ये शिक्षणमंत्री शशिकला काकोडकर यांनी प्राथमिक स्तरावरील अनुदान मातृभाषेच्या, म्हणजे मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या शाळांपुरते ठेवले. अनुदान टिकवण्यासाठी चर्चच्या डायोसेसन संस्थेने आपल्या शाळा कोकणीत आणल्या. ही कोकणी देवनागरीतली होती. कॅथलिक घरांतली प्रार्थनेची पुस्तके रोमी, म्हणजे इंग्रजीच्या अक्षरांच्या लिपीत असल्याने शाळेतली ‘मातृभाषा’ त्या मुलांना अक्षरओळखीपासूनच परकी वाटे. ही अडचण धोरण आखताना पुरेशी मनावर घेतली गेली नाही.

धोरणाची दुसरी उणीव अधिक गंभीर होती. ही अट प्राथमिक वर्गांनाच लागू होती. माध्यमिक शाळा बहुतांशी इंग्रजी माध्यमाच्या राहिल्या आणि त्यांना अनुदानही मिळत राहिले. चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणीत शिकलेले मूल पाचवीत एकदम इंग्रजी पुस्तकांपुढे बसे. पुढे इंग्रजीच येणार असेल तर सुरुवातही तिच्यातूनच का नको, हा पालकांचा प्रश्न खोटा नव्हता. त्याचे खरे उत्तर माध्यमिक स्तरावर द्यायला हवे होते. ते कोणत्याही सरकारने दिले नाही.

पालकांच्या आणि चर्चच्या मागणीनंतर २०११ मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय घेतला. त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. मंचावर शशिकला काकोडकर आणि उदय भेंब्रे एकत्र आले, हे गोव्याच्या इतिहासात लहान गोष्ट नाही. १९६७ च्या जनमत कौलात कोकणीवादी भेंब्रे यांनी ‘राष्ट्रमत’ या दैनिकातून महाराष्ट्रातील विलीनीकरणाविरुद्ध लेखणी चालवली होती, तर काकोडकर या विलीनीकरणवादी बांदोडकरांच्या कन्या. दोन दशके एकमेकांविरुद्ध लढलेले मराठीवादी आणि कोकणीवादी इंग्रजीला मिळणाऱ्या अनुदानापुढे एका बाजूला आले.

२०१२ मध्ये सत्तांतर झाले. विरोधात असताना भाजप मंचाबरोबर होता. पण मनोहर पर्रीकर सरकारने अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी प्राथमिक शाळांचे अनुदान चालू ठेवले. इतर संस्थांच्या नव्या इंग्रजी शाळांना ते नव्हते. सरकारी पैसा शाळेची भाषा पाहून द्यायचा की चालक पाहून, हा नवा पेच त्यातून निर्माण झाला. संविधानाचे कलम ३०(२) अनुदान देताना अल्पसंख्याक संस्थांशी भेदभाव करण्यास मनाई करते. त्यांना इतरांहून जास्त द्या, असे मात्र ते सांगत नाही. शिक्षण हक्क कायदा शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवण्यास सांगतो. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकासंबंधीच्या निकालात मातृभाषा माध्यम म्हणून लादता येणार नाही, असे ठरवले. तरीही लादणे वेगळे आणि अनुदान न देणे वेगळे, असा युक्तिवाद शिल्लक राहतो.

या अनुदानाविरुद्धच्या मंचाच्या आंदोलनाचे नेते सुभाष वेलिंगकर यांना ऑगस्ट २०१६ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या गोवा प्रमुखपदावरून दूर करण्यात आले. त्यानंतर आंदोलकांचा गोवा सुरक्षा मंच हा पक्ष स्थापन झाला. २०१७ च्या निवडणुकीत त्याने महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) आणि शिवसेनेशी युती केली. मगोला तीन जागा मिळाल्या, सुरक्षा मंचाला एकही नाही. डायोसेसन संस्थेच्या इंग्रजी प्राथमिक शाळांचे अनुदान कायम राहिले.