गोल्फचे १८ होल आणि व्हिस्कीची बाटली

‘व्हिस्कीच्या एका बाटलीत १८ पेग असतात, म्हणून गोल्फच्या मैदानात १८ होल,’ हा फॉरवर्ड वर्षानुवर्षे फिरतो आहे. (गोल्फमध्ये होल म्हणजे चेंडू पहिल्यांदा मारायच्या जागेपासून खड्ड्यापर्यंतचा एक टप्पा.) आकडा ऐकायला चपखल बसतो, त्यामुळे तो खरा वाटणं स्वाभाविक आहे.

आधी साधा हिशेब करू. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ३० मिलिलिटरचे २५ पेग बसतात, ६० चे साडेबारा. ब्रिटनमधल्या ७०० च्या बाटलीत २५ चे २८. अठरा कुठेच येत नाहीत.

मग अठरा आले कुठून? स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजमधून. तिथलं जुनं मैदान समुद्रालगतची लांबट, अरुंद पट्टी आहे. खेळाडू ११ होल खेळत टोकाला जायचे आणि त्याच खड्ड्यांवरून परत यायचे. म्हणजे फेरी २२ ची. १७६४ मध्ये सुरुवातीच्या चार होलचे दोन लांब होल केले. जाताना दोन कमी, येताना दोन कमी, उरले १८. तेव्हाही हा नियम सर्वत्र नव्हताच. १८६० ची पहिली ओपन, म्हणजे ब्रिटनची मानाची गोल्फ स्पर्धा, स्कॉटलंडमधल्याच प्रेस्टविकच्या १२ होलांवर झाली. अठरा हे प्रमाण सेंट अँड्र्यूजचा मान वाढत गेला तसं हळूहळू रुजलं. आजचे मैदान-रचनाकार बहुधा याच आकड्यापासून आराखडा सुरू करतात.

पडताळायचं असेल तर त्या मैदानाचा नकाशा उघडा. मला तो फार आवडतो. खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळींपैकी सात जोडीच्या, म्हणजे दोन होलांना सामायिक आहेत: होल क्रमांक २ आणि १६, ३ आणि १५, अशा ८ आणि १० पर्यंत. प्रत्येक जोडीची बेरीज १८. जाण्या-येण्याची ती जुनी वाट अजून जमिनीवर दिसते.