दुसऱ्या नेटवर्क कार्डाने वेग दुप्पट होत नाही

लिनक्स सर्व्हरला दुसरे नेटवर्क कार्ड बसवून १९२.१६८.१.०/२४ या त्याच सबनेटमधला (नेटवर्कच्या त्याच भागातला) आणखी एक आयपी पत्ता दिला की वेग दुप्पट होतो, हा जुना समज चुकीचा आहे. लिनक्समध्ये आयपी पत्ता कार्डाचा नव्हे, तर संपूर्ण यंत्राचा मानला जातो. त्यामुळे एका कार्डाच्या पत्त्यासाठी आलेल्या एआरपी विचारणेला (‘हा आयपी पत्ता कोणत्या कार्डाकडे आहे?’ या नेटवर्कवरील प्रश्नाला) दुसरे कार्डही उत्तर देऊ शकते, आणि बाहेर जाणारी पॅकेट्स राउटिंग तक्त्यातील (पॅकेट कोणत्या वाटेने पाठवायचे हे ठरवणाऱ्या यादीतील) पहिल्या जुळणाऱ्या नोंदीनुसार बहुधा एकाच कार्डातून निघतात. पाठवण्याच्या कामी दुसरे कार्ड जवळजवळ रिकामेच राहते. त्यापेक्षा बाँडिंग करून, म्हणजे दोन्ही कार्डे एकत्र बांधून, त्यांना मिळून एकच पत्ता द्यावा आणि स्विचवरही एलएसीपी (अनेक दुवे एकत्र वापरण्याचा प्रोटोकॉल) चालू करावे. मात्र या पद्धतीतही एकटी टीसीपी जोडणी एकाच कार्डाच्या वेगाने चालते. वेगाचा फायदा होतो तो अनेक जोडण्या असतील तेव्हाच.